तुझ्या चेहऱ्याचं माप

समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर
२६ मे २०२५

चि. सावनीस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, अशी शक्यता आहे. तसं केलंस तरी मी तुला दोष देणार नाही. तुझ्या फोनवर माझा नंबर अडीच वर्षांपासून बंद आहे. म्हणून पाचोडला जाऊन तुझ्या सासऱ्यांकडून, बन्सीरावांकडून, ड्रेस्डेनचा पत्ता घेतला. त्यांनी चष्मा लावून एकेक इंग्रजी अक्षर माझ्या डायरीत उतरवून दिलं. कशाला हवाय, हे विचारलं नाही. चहा घ्या म्हणाले. मी उभ्या उभ्याच निघालो.

कामाचं आधी लिहितो. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात टिपण्या लिहिल्या, दुसऱ्या रीतीने लिहिणं मला जमत नाही.

तुझ्या आईला २०२१ च्या एप्रिलमध्ये करोना झाला, एवढं तुला माहीत आहे. पुढे मी तुला कळवत राहिलो की अशक्तपणा आहे, घशाला सूज आहे, बोलायला त्रास होतो. ते खरं नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्यावर बाराव्या दिवशी तिचा डावा गाल बधिर झाला. चहा पिताना ओघळ आला तो तिला कळला नाही. दोन दिवसांत डोळा सुजून बंद झाला. काळी बुरशी होती. त्या महिन्यात आपल्याकडे किती जणांना झाली, त्याच्या बातम्या तू तिकडे वाचल्या असशील. त्या बातम्यांत तुझी आई होती.

तीन शस्त्रक्रिया झाल्या. डावा डोळा, नाक, डाव्या गालाचं हाड आणि अर्धी टाळू काढावी लागली. ती वाचली.

तुला कळवायचं नाही, ही तिची अट होती. बोलता येत नव्हतं, तेव्हा तिने पाटीवर लिहून माझ्याकडून शपथ घेतली. विमानं बंद होती, तुझी परीक्षा तोंडावर होती. पुढे टाळूला प्लेट बसवली आणि ती बोलू लागली, पण आवाज बदललेला होता. तो आवाज तुला ऐकू जाऊ नये म्हणून ती फोनवर यायची नाही, नुसतं लिहायची. व्हिडिओचं तू दर रविवारी विचारायचीस, आणि मी नेटवर्कचं कारण सांगायचो.

आता ती घरातही ओढणी बांधून असते. उजवा डोळा तेवढा उघडा. जेवायला स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून बसते. गुलमंडीवर ब्लाउजपीस बघत दोन दोन तास काढणारी बाई चार वर्षांत तिकडे फिरकलेली नाही.

गेल्या महिन्यात प्लेट दुरुस्त करायला तिला इथल्या एका डेंटल कॉलेजात नेलं होतं. तिथे डॉ. स्वराली म्हणून तिशीतल्या एक बाई आहेत. त्या कृत्रिम चेहरे बनवतात. पूर्वी चेहऱ्यावर ओलं मिश्रण थापून ठसा घेत. आता हातातल्या यंत्राने चेहऱ्यावरून नुसता उजेड फिरवतात आणि चेहरा जसाच्या तसा कॉम्प्युटरवर येतो. गेलेला भाग तिथे घडवायचा, त्याचा साचा प्रिंटरवर छापायचा आणि त्यात कातडीच्या रंगाचं सिलिकॉन ओतायचं. डोळ्याकडची बाजू त्या आईच्याच उजव्या बाजूवरून उलटी करून घेणार आहेत. पण नाकाला जोडीदार नसतो. जुन्या फोटोंवरून अंदाज येतो, माप येत नाही. अशा वेळी जवळच्या नात्यातल्या कुणाचं नाक घेतात.

तुझं नाक तिचंच आहे. तू पाळण्यात असल्यापासून सगळे म्हणत आलेत.

तिकडे एखाद्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये तुझ्या चेहऱ्याचं स्कॅन करून मिळालं, तर ती फाइल थेट डॉक्टरांना पाठव. त्यांचा ईमेल सोबतच्या चिठ्ठीवर आहे. मला उत्तर देण्याची गरज नाही. मी तुला लिहिलं आहे, हे तुझ्या आईला ठाऊक नाही. शपथ मोडून लिहितो आहे.

— बाबा

&nbsp;

समर्थनगर
४ जुलै २०२५

चि. सावनीस,

फाइल पोचली. सोमवारी डॉ. स्वरालींनी मला एकट्याला बोलावून ती दाखवली.

तू मला एक ओळही लिहिली नाहीस, ते योग्यच आहे. पण त्या पडद्यावर तू आलीस. रंग नाही, केस नाहीत, डोळे मिटलेले. राखाडी प्लास्टरची असावीस तशी. डॉक्टर माउस फिरवत होत्या आणि तुझा चेहरा डावीकडे वळत होता, उजवीकडे वळत होता. गालफडं वर आली आहेत. वजन कमी झालंय का? हनुवटीवर एक व्रण दिसला, तो पूर्वी नव्हता. कशाने झाला, हे विचारण्याचा अधिकार मला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "काका, पाणी देऊ का?" मी नको म्हणालो. मग त्यांनी तुझं नाक तेवढं वेगळं केलं आणि बाकीचा चेहरा पुसून टाकला. ते मला बघवलं नाही. मी खिडकीशी गेलो.

आईचं स्कॅन त्याआधी झालं होतं. तेही सांगतो. ओढणी सोडायची वेळ आली तेव्हा तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. डॉक्टर म्हणाल्या, "काकू, यंत्राला सुंदर-कुरूप कळत नाही. त्याला नुसता खड्डा आणि उंचवटा कळतो." तुझी आई म्हणाली, "मग ते बरं आहे." चार वर्षांत पहिल्यांदा तिला थोडं हसताना ऐकलं. हसली की प्लेट सरकते आणि शिट्टीसारखा आवाज येतो. तिने लगेच तोंडावर हात धरला. पांढरा उजेड तिच्यावरून इकडून तिकडे फिरत होता आणि ती उजवा डोळा मिटून बसली होती. पाच मिनिटांत आटोपलं.

तुझ्या नाकाचा शेंडा डॉक्टरांनी जरासा खाली ओढला. वयाबरोबर नाक उतरतं म्हणे. तुझ्या बारशाच्या फोटोतली आई आणि पडद्यावरची तू, दोघींना शेजारी ठेवून त्या बराच वेळ मापं घेत होत्या. मग ते नाक आईच्या चेहऱ्यावर बसवलं. डावा डोळा, गाल आणि नाक असा एक सलग तुकडा होणार आहे. तो चष्म्याच्या फ्रेमला आणि चिकटद्रव्याला धरून राहील. झोपताना काढून धुवायचा. दीड-दोन वर्षांत रंग उडतो, मग नवा करायचा. माप कॉम्प्युटरवर राहणार असल्यामुळे तुला पुन्हा तसदी पडणार नाही.

नाक कुणाचं आहे, हे आईला सांगितलेलं नाही. कॉम्प्युटरमध्ये तयार नाकं असतात, त्यातलं एक, असं सांगितलं आहे.

फाइलबरोबर तू डॉक्टरांना एक प्रश्न लिहिला होतास. त्यांनी तो मला वाचून दाखवला. "मी लग्नाची पत्रिका घेऊन दारात आले होते, तेव्हा आई घरात होती का?"

होती. त्या दिवशी तिची तब्येत बरी नव्हती. बाकीचं भेट झाल्यावर बोलू.

— बाबा

&nbsp;

समर्थनगर
२३ जुलै २०२५

सावनी,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. त्या दिवशी तिची तब्येत बरी होती.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात तुझ्या सासूबाई. द्वारकाबाईंना मी याआधी एकदाच, तुझ्या पत्त्यासाठी गेलो तेव्हा, ओझरतं पाहिलं होतं. हातात कापडी पिशवी, पिशवीत शेंगा आणि तुपाची बरणी. म्हणाल्या, "भाऊ, इहीणबाईंना भेटाया आले. पोरीनं धाडलंय." मी, ती झोपली आहे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आई ओढणी बांधून बाहेर आली.

द्वारकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि खाली सतरंजीवर बसल्या. आईने पाणी पुढे केलं.

"पाणी पिते मंग. आधी ते फडकं सोडा. जीव गुदमरत नाय का?"

"राहू द्या," आई म्हणाली. "बघवणार नाही तुम्हाला."

"माझ्या धाकट्या जावेला त्याच साली झालं व्हतं. डोळा काढला तिचा बी. धा दिवस काढले तिनं, मंग गेली. म्या धुतलंय तिचं तोंड. तुम्ही ऱ्हायल्या. बघू द्या मला."

आईने गाठ सोडली. मी आणि डॉक्टर सोडून तिचा उघडा चेहरा कुणी पाहिला नव्हता. द्वारकाबाई सरळ बघत राहिल्या. मग पुढे सरकून तिच्या उजव्या गालावर हात ठेवला. "लई सोसलं बाई," एवढंच म्हणाल्या.

मी चहा टाकायला उठलो. आतून ऐकू येत होतं.

"पोरगी फोनवर लई रडली. म्हणली, मला वाटलं व्हतं आईला माझं तोंड बघायचं नाय."

"असं कोण म्हणालं तिला?" आई.

"ते तुम्हीच इचारा भाऊंना."

मी बाहेर येऊन म्हणालो, "काहीतरी गैरसमज झाला असेल." द्वारकाबाई मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, म्या नव्हते दारात. पर माझं लेकरू फाटकापाशी उभं व्हतं. सत्यमनं सगळं ऐकलंय."

आई माझ्याकडे वळली. "अहो, काय बोललात तुम्ही तिला?"

तेव्हा मी सांगितलं. तिला जे सांगितलं ते तुलाही लिहून देतो, म्हणजे पुन्हा बदलायला जागा राहणार नाही.

तू येणार असल्याचा निरोप आला त्या दिवशी आई म्हणाली होती, "आता पुरे झालं लपवणं. लेकीचं लग्न आहे. तुम्ही दारातच तिला सगळं सांगा, म्हणजे आत आल्यावर ती घाबरणार नाही. मी ओढणी नीट बांधून येते." जखमेवर पट्टी असायची, ओढणी बांधायला तिला दहा मिनिटं लागत. मी तुला ते सांगायलाच बाहेर आलो होतो. फाटकाशी सत्यम उभा होता, मोटरसायकलला टेकून. तुझ्या हातात पत्रिका होती. मी दार ओढून घेतलं आणि म्हणालो, "तुझ्या आईला हे लग्न मान्य नाही. ती तुझं तोंड पाहणार नाही म्हणते." तू म्हणालीस, "तिला माझ्यासमोर येऊन बोलू दे." मी म्हणालो, "ती येणार नाही."

ती तेव्हा आरशासमोर गाठ मारत होती. चार पावलांवर.

ती बाहेर आली तेव्हा तू कोपऱ्यावरून वळली होतीस. तिने विचारलं, "गेली?" मी म्हणालो, "सगळं सांगितलं तिला. रडली. म्हणाली, लग्नात सासरची माणसं असतील, लोक बघतील, आईला उगीच त्रास. लग्नानंतर निवांत येईन." आईने दोनदा विचारलं, "असं म्हणाली?" मी दोनदा हो म्हणालो. मग तिने ओढणीची गाठ आणखी घट्ट केली.

त्याच संध्याकाळी तिच्या फोनवर तुझा नंबर मी ब्लॉक केला. तिला फोनमधलं ते काही कळत नाही.

म्हणजे अडीच वर्षं तुला वाटत राहिलं की आईला तू नकोशी झालीस. आणि तिला वाटत राहिलं की तिच्या चेहऱ्याची तुला लाज वाटते. दोघींच्या मध्ये मी होतो आणि दोघींची काळजी घेत होतो.

हे ऐकून ती रडली नाही. म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं होतं, काकू, बहीण किंवा मुलगी आहे का कुणी? मी मुलगी नाही म्हणून सांगितलं. तुम्ही शेजारी बसला होतात. तुम्ही ऐकलंत."

हो. ऐकलं होतं. त्यानंतर तीन दिवस मला गिळवेना, म्हणून तुला पहिलं पत्र लिहिलं. पण त्यातही शपथेच्या आड उभा राहिलो.

मग तिने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "काढा ते." मी ब्लॉक काढला. पुढचं तुला माहीत आहे. ती तुझ्याशी बोलत असताना मी गच्चीवर गेलो होतो. खाली आलो तेव्हा द्वारकाबाई पदराने डोळे पुसत शेंगा निवडत होत्या. चहा आटून भांडं करपलं होतं.

हे सगळं का केलं, ते लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. तिच्या आजारपणामुळे नाही. सत्यम वाईट नव्हता. पाचोडचा होता, शेतकऱ्याचा होता, आपल्यातला नव्हता. तीस वर्षं सगळ्या जातीच्या माणसांबरोबर एका टेबलावर डबा खाल्ला, निरोपसमारंभांत समतेवर बोललो. स्वतःच्या लेकीच्या वेळी मात्र फाटकाशी उभा मुलगा पाहिला आणि माझं सगळं बोलणं निघून गेलं. मला मान्य नाही, असं म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून ते तुझ्या आईच्या तोंडी घातलं. तिला तेव्हा धड तोंडही नव्हतं.

— बाबा

&nbsp;

समर्थनगर
३१ ऑगस्ट २०२५

सावनी,

आईचा चेहरा परवा बसला. तू तो फोनवर पाहिला असशील. मी फक्त बाहेरून जे कळलं तेवढंच लिहितो.

मधले पाच आठवडे ती घरात माझ्याशी कामापुरतं बोलत होती. भाजी आहे. गॅस आलाय. दुधवाल्याला सांगा. मी समोर बसलो की पूर्वीसारखी भिंतीकडे वळायची नाही. सरळ माझ्याकडे बघून जेवायची. ते मला जास्त जड जायचं.

प्रयोगासाठी मेणाचा तुकडा लावून पाहिला तेव्हा आणि कातडीचा रंग जुळवला तेव्हा द्वारकाबाई पाचोडहून येत आणि तिच्याबरोबर जात. मी मागून दुसऱ्या रिक्षाने. परवाही तसंच. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं. डॉ. स्वराली बाहेर येऊन म्हणाल्या, "काका, आत या ना." आतून आईचा आवाज आला, "त्यांना तिथेच बसू द्या."

एक एक पापणी सुईने रोवली होती म्हणे, त्याचं द्वारकाबाईंना फार नवल वाटलं. त्या मोठ्याने मोजत होत्या. उजव्या गालावर वांग आहेत, म्हणून डॉक्टरांनी डाव्या गालातही दोन-चार ठिपके ठेवले होते. नाक तुझं आहे, हे तू तिला फोनवर सांगितलं असणार. मग आई म्हणाली, "डॉक्टर, माझं नाक टोचलेलं होतं. सावनीचं नाही." मला वाटलं आता पुन्हा सगळं नवं करावं लागणार. पण डॉक्टर म्हणाल्या, "तेवढं आत्ता करून देते." नंतर द्वारकाबाईंचा आवाज, "थांबा, म्या घालते." त्यांनी येताना गुलमंडीवरून खड्याची चमकी आणली होती. त्या बाईला सुचलं होतं. मला नाही.

आरसा दिल्याचं कळलं, कारण सगळ्या गप्प झाल्या. आई म्हणाली, "ही तर सावनी म्हातारी झाली." मग ती रडू लागली, आणि डॉक्टर सांगू लागल्या की काकू, रडा, पण डाव्या बाजूने पुसू नका, कडा सुटेल.

ती बाहेर आली. ओढणी खांद्यावर होती. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, त्यामागे दोन डोळे. नीट पाहिलं तर डावा हलत नाही हे कळतं. कॉरिडॉरमध्ये वीस-पंचवीस माणसं बसली होती. कुणी मान वर केली नाही. एका बाईने तिला विचारलं, "एक्स-रे कुठे काढतात?" तुझ्या आईने हाताने दाखवून सांगितलं, "सरळ जाऊन डावीकडे." ती तिथेच क्षणभर थांबली. चार वर्षांत तिला कुणी रस्ता विचारला नव्हता.

मी उठलो. म्हणालो, "छान झालंय." ती म्हणाली, "हो."

खाली आल्यावर मी रिक्षा थांबवली आणि समर्थनगर सांगितलं. ती बसली नाही. "मी पाचोडला जाते आहे. सावनी येईपर्यंत तिथेच राहीन. कपडे मी सकाळीच पिशवीत भरलेत."

व्याह्यांच्या घरी राहायला जाणं आपल्यात कुणी केलेलं नाही, हे मी म्हणणार होतो. म्हणालो नाही. विचारलं, "आणि नंतर?"

"दवाखान्यात तुम्ही एकेचाळीस दिवस माझ्याजवळ बसलात. घाण काढलीत. लोक पळत होते तेव्हा तुम्ही बसलात. ते मी कधी विसरणार नाही. म्हणून तर मला काही सुचत नाही." तिने चष्मा नीट केला. "चेहरा बुरशीनं नेला. तिला मी काय विचारणार? लेक तुम्ही नेलीत."

द्वारकाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, डब्याचं काय करताल? शेजारी सांगून ठिवा." दोघी क्रांती चौकाकडे जाणाऱ्या रिक्षात बसून बसस्टँडला गेल्या.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी तिला सांगितलेली नाही. त्या अडीच वर्षांत ती कुणाकडे जात नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. तिची पट्टी मी बदलायचो, वाचून मी दाखवायचो, बाहेरचं जग मी सांगेन तेवढंच तिच्यापाशी यायचं. उभ्या आयुष्यात तिला माझी इतकी गरज कधी लागली नव्हती. तू तिच्यासाठी होतीस, शेजारणी होत्या, भजनीमंडळ होतं. मग मी एकटाच उरलो. ते मला आवडू लागलं होतं. खरं सांगायला उशीर का झाला, याचं कारण भीती नव्हे. ते हे आहे.

तू हे तिला वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

— बाबा

&nbsp;

समर्थनगर
१७ नोव्हेंबर २०२५

सावनी,

हे पत्र जर्मनीला न पाठवता पाचोडला पाठवतो आहे. तू आल्याचं बन्सीरावांनी कळवलं. ये म्हणून कळवलं नाही, नुसतं आल्याचं कळवलं, आणि तेही त्यांच्या भलेपणाने.

काल मी पाचोडला आलो होतो. कुणी बोलावलं नव्हतं. तुमच्या दारात यायचं धाडस नव्हतं. बाजाराचा दिवस होता, तेव्हा गर्दीत लांबून तुम्ही दोघी दिसलात तर बघायचं आणि परतीची बस धरायची, एवढाच बेत होता.

दोन तास फिरलो. भाजीच्या ओळीत एक बाई पाठमोरी उभी होती. निळी सुती साडी, डोकं उघडं, केस सैल बांधलेले. ती मेथीच्या जुडीवरून विक्रेतीशी हुज्जत घालत होती. "वाळलीय ही, कालची दिसते," म्हणत होती. मी तिच्या शेजारून पुढे गेलो आणि मग तो आवाज कानात शिरला. मी माझ्या बायकोला ओळखलं नव्हतं. चार वर्षं मी तिला ओढणीतच पाहत होतो, आणि त्याआधीची मी विसरून गेलो होतो.

भाजीवाली तिला म्हणाली, "मावशी, घ्या ना, तुमच्या लेकीच्या नावानं एक जुडी जास्त घालते." तुमचे चेहरे बघूनच तिने मायलेकी ओळखल्या होत्या. तू बाजूला उभी होतीस. केस कापलेत तू. दोघींना एका ओळीत, बाजूने पाहिलं तेव्हा मला डॉक्टरांचा पडदा आठवला नाही. काहीच आठवलं नाही. नुसता बघत राहिलो.

तू मला पाहिलंस.

तू निघून जाशील असं वाटलं. तू पिशवी आईच्या हातात दिलीस आणि माझ्याकडे आलीस. मी काय काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून आलो होतो. ते सगळं गेलं.

"बसनं आलात?" तू विचारलंस.

"हो."

"सत्यम सोडेल तुम्हाला स्टँडवर. सांगू का?"

"नको. जाईन मी चालत."

तुझ्या हनुवटीवरचा व्रण जवळून दिसला. मी त्याच्याकडे बघतोय हे तुझ्या लक्षात आलं. तू सांगितलं नाहीस.

"आईची तब्येत बरी आहे," तू म्हणालीस. "जानेवारीत ती माझ्याबरोबर येतेय तिकडे. व्हिसाचं चाललंय. पुढचं माप तिथेच देऊ."

"बरं होईल," मी म्हणालो.

तू थोडा वेळ थांबलीस. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली असशील. मग विचारलंस, "जेवलात का?"

"जेवलो."

"बरं," म्हणालीस आणि गेलीस. आईने तुला काहीतरी विचारलं, तू काहीतरी सांगितलंस. ती वळली. मधून माणसं ये-जा करत होती, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. तिने मान हलवली नाही, हात हलवला नाही. मग तिने तुझ्या दंडाला धरलं आणि तुम्ही दोघी बांगड्यांच्या दुकानाकडे गेलात.

मी काही मागायला लिहीत नाही. आईचे औषधांचे कागद, ऑपरेशनचे रिपोर्ट आणि तिचा पासपोर्ट वेगळ्या पाकिटात बन्सीरावांच्या नावाने पाठवले आहेत. व्हिसासाठी नवऱ्याची सही कुठे लागली तर कागद पाठव, त्याच दिवशी सही करून परत करीन.

आणखी एवढंच कळवायचं होतं. तू काल मला एकच प्रश्न मनापासून विचारलास आणि मी त्यालाही खोटं उत्तर दिलं. मी जेवलो नव्हतो, सावनी.

— बाबा